जुन्या औषधांचा पुनर्विनियोग आणि जनुकांची साक्ष

एका रोगासाठी सिद्ध झालेले औषध दुसऱ्याच रोगावर गुणकारी ठरावे, ही गोष्ट वैद्यकास नवी नाही. पेनिसिलिनच्या विघटनातून पेनिसिलामाइन नावाचे एक द्रव्य निघते. जंतूंचा नाश करण्याचा पेनिसिलिनचा गुण त्याच्या अंगी नाही. परंतु तांब्यासारख्या धातूंना धरून लघवीवाटे बाहेर नेण्याचा एक निराळाच गुण त्याच्या ठिकाणी आहे. पेनिसिलिन दिलेल्या रुग्णांच्या लघवीत हे द्रव्य जॉन वॉल्श या इंग्रज डॉक्टरांस आढळले होते. १९५६ मध्ये त्यांनी ते विल्सनच्या रोगावर वापरावयास काढले. या आनुवंशिक रोगात तांबे शरीराबाहेर टाकले जात नाही. ते यकृतात आणि मेंदूत साचत जाते, आणि उपचारावाचून रोगी दगावतो. पेनिसिलामाइनने ते साचलेले तांबे बाहेर काढले, आणि तोवर असाध्य समजला गेलेला हा रोग साध्य रोगांच्या पंक्तीस येऊन बसला.

अशा प्रकारास मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न अनुवादकापुढे उभा राहतो. ‘पुनर्वापर’ हा शब्द सोपा खरा. पण त्यात जुन्या बाटल्यांचा वास येतो. आपल्या धर्मविधींत एखादा मंत्र कोणत्या कर्मासाठी योजावयाचा ते आरंभी सांगतात आणि त्यास ‘विनियोग’ म्हणतात. मंत्र तोच, विनियोग निराळा. औषध तेच, विनियोग निराळा. म्हणून येथे ‘पुनर्विनियोग’ हा शब्द योजिला आहे.

या लेखात जे मत मांडावयाचे आहे ते आरंभीच सांगून टाकतो. दुर्मिळ रोगांच्या बाबतीत असा पुनर्विनियोग आजवर बहुतांशी योगायोगावर आणि एखाद्या चिकित्सकाच्या तीक्ष्ण नजरेवर अवलंबून राहिला. आता माणसाच्या जनुकांची जी अफाट माहिती हाती आली आहे, तिच्या साहाय्याने कोणते औषध कोणत्या रोगावर तपासून पाहावे हे बरेचसे विचारपूर्वक ठरविता येईल, आणि तसे ठरविले पाहिजे. मात्र जनुकांची माहिती ही साक्ष आहे, निकाल नव्हे. निकाल रोग्यांवरील रीतसर चाचणीनेच लागतो, आणि त्या चाचणीचा खर्च दुर्मिळ रोगाच्या बाबतीत समाजानेच उचलावयास हवा. हे म्हणणे ज्या एका रोगाच्या इतिहासावरून चांगले पटते, तो रोग म्हणजे यकृतातील लहान पित्तनलिकांचा दाह होय. वैद्यकात त्यास ‘प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस’ म्हणतात. आपण त्यास ‘पित्तनलिकादाह’ म्हणू.

यकृतात तयार होणारे पित्त बारीक बारीक नलिकांतून वाहत जाऊन अखेर आतड्यात पोहोचते. या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणा, जिने बाहेरच्या जंतूंशी लढावे, तीच या नलिकांच्या अस्तरावर उलटते. नलिका झिजतात, पित्त तुंबते, आणि तुंबलेले पित्त यकृताच्या पेशींना जाळीत राहते. रोग फार सावकाश चालतो. तो मुख्यतः मध्यमवयीन स्त्रियांस होतो. अंगास विलक्षण खाज सुटते, विशेषतः रात्री. आणि असा थकवा येतो की विश्रांती घेऊनही तो जात नाही. बाहेरून रोगी धडधाकट दिसत असल्यामुळे घरच्यांस त्या खाजेची आणि थकव्याची खरी कल्पना बहुधा येत नाही. १८५१ मध्ये लंडनच्या अॅडिसन आणि गल या वैद्यांनी या रोगाचे वर्णन केले. १९६५ मध्ये लंडनमध्येच डेबोरा डोनिएक, शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोग्यांच्या रक्तात पेशींतील मायटोकाँड्रियांविरुद्ध प्रतिपिंडे असल्याचे दाखविले. तेव्हापासून निदान पुष्कळ सुलभ झाले. उपचार मात्र सुलभ झाला नाही.

या रोग्यांच्या यकृतातही तांबे साचलेले आढळते. तेव्हा विल्सनच्या रोगात जे औषध लागू पडले ते येथेही पडेल, अशी कल्पना सुचणे स्वाभाविक होते. १९७० नंतरच्या दशकात पेनिसिलामाइनच्या चाचण्या सुरू झाल्या आणि १९८५ च्या सुमारास त्यांचा निर्णय लागला. औषधाने आयुष्य वाढले नाही. उलट त्याचे दुष्परिणाम मात्र पुष्कळ रोग्यांनी सोसले. तर्क कोठे चुकला? तांबे पित्तावाटे बाहेर पडते. पित्त तुंबले की तांबेही तुंबते. विल्सनच्या रोगात तांबे हे कारण होते. येथे ते केवळ परिणाम होते. पाणी तुंबलेल्या गटारावर कचरा तरंगताना दिसतो, म्हणून वरचा कचरा काढल्याने गटार मोकळे होत नाही, तसाच हा प्रकार झाला.

कारण आणि परिणाम यांतील हा भेद दुर्मिळ रोगांत ओळखणे फार कठीण असते. रोगी थोडे, ते डॉक्टरांकडे येतात तेव्हा रोगास कित्येक वर्षे लोटलेली, आणि शरीरात एव्हाना शेकडो गोष्टी बिघडलेल्या. त्यांतील पहिली कोणती आणि मागाहून आलेली कोणती, हे सांगणार कोण? येथे जनुकांची साक्ष उपयोगी पडते, आणि ती का पडते याचे उत्तर साधे आहे. माणसाची जनुके गर्भधारणेच्या क्षणी ठरून जातात. रोग रक्त बदलतो, यकृत बदलतो, वजन बदलतो. पण आईबापांकडून मिळालेला जनुकांचा लेख तो बदलू शकत नाही. म्हणून जनुकांतील एखादा फरक रोग्यांत वारंवार आणि निरोगी लोकांत क्वचित आढळला, तर तो फरक रोगाचा परिणाम असण्याचा संभव राहत नाही. तो कारणाच्या बाजूसच कोठेतरी उभा असतो.

हा फरक शोधतात कसा? मानवी जनुकसंच हा सुमारे ३०० कोटी अक्षरांचा ग्रंथ आहे असे समजा. प्रत्येक माणूस ही त्या ग्रंथाची एकेक हस्तलिखित प्रत होय, आणि प्रतीप्रतींत पाठभेद असतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती उपलब्ध प्रती एकमेकींशी ताडून पाहूनच. येथेही तेच करावयाचे. फरक इतकाच की शुद्ध पाठ कोणता हा येथे प्रश्न नसून कोणता पाठभेद रोग्यांच्या प्रतींत अधिक आढळतो, हा आहे. त्यासाठी हजारो रोग्यांच्या आणि त्याहून अधिक निरोगी माणसांच्या प्रती ताडाव्या लागतात. या पद्धतीचा एक उणेपणाही ध्यानात ठेवला पाहिजे. ती ग्रंथातील पान दाखविते, नेमकी ओळ नेहमीच दाखवीत नाही. कारण शेजारशेजारचे पाठभेद पिढ्यान् पिढ्या जोडीनेच उतरत आलेले असतात. त्या पानावरील कोणते जनुक अपराधी, हे पुढे प्रयोगशाळेत ठरवावे लागते.

२००९ मध्ये कॅनडा व अमेरिकेतील पाचशेहून अधिक रोग्यांच्या जनुकांचा असा ताळा घेण्यात आला. संरक्षक यंत्रणेशी संबंधित असलेल्या एका जुन्या परिचयाच्या जनुकसमूहाखेरीज दोन नवी स्थाने त्यात चमकून उठली, आणि ती दोन्ही इंटरल्यूकिन-१२ या एकाच निरोपाशी निगडित होती. संरक्षक पेशी एकमेकींस जे रासायनिक निरोप धाडतात त्यांपैकी हा एक. एक जनुक निरोप तयार करणारे, दुसरे तो निरोप स्वीकारणारे. याहून स्पष्ट साक्ष ती कोणती? आणि योगायोग असा की त्याच वर्षी या निरोपास अडविणारे एक औषध सोरायसिस या त्वचारोगासाठी संमत झाले होते. त्याचे नाव उस्तेकिनुमॅब. औषध तयार, माणसांना ते कितपत सोसते हे माहीत, आणि जनुके त्याच्याकडे बोट दाखवीत असलेली! पुनर्विनियोगास याहून अनुकूल स्थिती कल्पिणे कठीण.

चाचणी झाली. नेहमीच्या औषधाने पुरेसा गुण न आलेल्या २० रोग्यांस उस्तेकिनुमॅब देण्यात आले, आणि तिचा वृत्तांत २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातील ज्या द्रव्यावरून या रोगाचा जोर मापतात ते थोडेसे उतरले. परंतु यश म्हणून आगाऊ जी मर्यादा ठरविली होती ती एकाही रोग्याने गाठली नाही. संरक्षक यंत्रणेस आवर घालणाऱ्या अॅबटासेप्ट या संधिवाताच्या औषधाचीही पुढे १६ रोग्यांवर चाचणी झाली. तेही निष्फळ ठरले.

मग जनुकांनी खोटी साक्ष दिली काय? माझ्या मते नाही. आपण तिला भलताच प्रश्न विचारला. रोग सुरू कसा होतो हे जनुके सांगतात. दहा वर्षे चाललेला रोग आज कशावर चालला आहे, हे त्यांस विचारून उपयोग नाही. ज्या ठिणगीने वणवा पेटला तिच्यावर दुसऱ्या दिवशी पाणी शिंपडून वणवा विझत नाही. नलिकांवरील आरंभीच्या हल्ल्यात इंटरल्यूकिन-१२ चा हात असेल. पण नलिका झिजल्यावर तुंबलेले पित्त स्वतःच दाह चालू ठेवते, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. तेच औषध रोगाच्या अगदी आरंभी दिले असते तर काय झाले असते, याचे उत्तर वीस जुन्या रोग्यांवरील चाचणी देऊ शकत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण बेझाफायब्रेटचे. हे रक्तातील चरबी कमी करण्याचे जुने औषध. जनुकांनी त्याच्याकडे बोट दाखविले नव्हते. जपानी डॉक्टरांच्या ध्यानात आले की चरबीसाठी हे औषध घेणाऱ्यांच्या रक्तातील यकृताची काही मापे सुधारतात, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस त्यांनी ते पित्तनलिकादाहाच्या रोग्यांस देऊन पाहिले. हे औषध संरक्षक यंत्रणेच्या मागे लागत नाही. मुख्यतः पित्ताम्लांची निर्मिती कमी करून ते यकृतास विसावा देते. फ्रान्समधील १०० रोग्यांवर दोन वर्षे चाललेल्या चाचणीचा निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या औषधाच्या जोडीला बेझाफायब्रेट घेतलेल्यांपैकी ३१ टक्के रोग्यांची रक्ताची मापे पूर्णपणे सुधारली. नुसती बनावट गोळी घेतलेल्यांपैकी एकाचीही नाही. २०२१ मध्ये नेदरलंड्समधील संशोधकांनी दाखविले की या औषधाने खाजही पुष्कळ कमी होते. ज्या खाजेने रात्रीची झोप उडते ती कमी होणे ही रोग्याच्या दृष्टीने रक्ताच्या कोणत्याही मापापेक्षा मोठी गोष्ट आहे.

‘नेहमीचे औषध’ म्हणून ज्याचा उल्लेख आला तेही मूळचे पाहुणेच. त्याचे नाव उर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल. लॅटिनमध्ये ‘उर्सस’ म्हणजे अस्वल. अस्वलाच्या पित्तात ते विपुल असते, आणि अस्वलाचे पित्त चिनी वैद्यकात शतकानुशतके वापरात होते. आता ते कारखान्यात तयार होते. पित्ताशयातील खडे विरघळविण्यासाठी ते प्रथम प्रचारात आले. १९८७ मध्ये पॅरिसच्या पूपों यांनी ते पित्तनलिकादाहात उपयोगी पडते असे दाखविले. दहा रोग्यांतील तीन-चारांस मात्र त्याने पुरेसा गुण येत नाही, आणि म्हणूनच दुसऱ्या औषधांचा शोध चालू आहे.

हा सगळा इतिहास वाचून कोणी म्हणेल, की जनुकांनी सुचविलेले औषध फसले आणि नजरेने हेरलेले साधले; तर मग जनुकांच्या मागे धावण्यात अर्थ कोणता? हा आक्षेप वाजवी आहे, पण दोन-चार उदाहरणांवरून केलेला आहे. औषधांच्या हजारो प्रयत्नांचा एकत्र हिशेब मांडणारा एक अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आला. ज्या औषधाच्या लक्ष्यास जनुकांचा पाठिंबा आहे ते चाचण्या पार करून यशस्वी होण्याचा संभव, तसा पाठिंबा नसलेल्या औषधाच्या २.६ पट असतो, असे त्यात आढळले. अडीच पट म्हणजे खात्री नव्हे. जनुकांचा पाठिंबा असलेलीही बहुसंख्य औषधे अयशस्वीच होतात. परंतु दुर्मिळ रोगात चाचणीस मिळणारे रोगीच मोजके असतात. प्रत्येक निष्फळ चाचणी त्या मोजक्या लोकांची वर्षे खर्च करते. तेथे अडीच पटीची सवलत नाकारणे हा उधळेपणा ठरेल.

शिवाय साक्षीदार आता एक राहिलेला नाही. २०२१ मध्ये पाच युरोपीय वंशाच्या आणि दोन पूर्व आशियाई गटांतील मिळून १०,५१६ रोगी आणि २०,७७२ निरोगी माणसे यांचा ताळा प्रसिद्ध झाला, आणि त्यात जनुकसंचातील ५६ स्थाने या रोगाशी निगडित असल्याचे निश्चित झाले. त्यांतील २० नवी होती. मग त्या स्थानांवरील जनुकांचे परस्परसंबंध मांडून, आज बाजारात असलेली कोणती औषधे त्या जाळ्याच्या जवळ जाऊन पोहोचतात, हे गणकयंत्रावर तपासण्यात आले. दुसऱ्या स्वयंप्रतिकारी रोगांत रुळलेली काही औषधे त्या यादीत आली. ती यादी म्हणजे उपचार नव्हे; कोणत्या दारावर आधी थाप मारावी याचा तो क्रम आहे, आणि उस्तेकिनुमॅबच्या अनुभवानंतर ती थाप रोगाच्या कोणत्या अवस्थेत मारावी याचाही विचार करावा लागेल.

जेथे रोग एकाच जनुकाच्या बिघाडाने होतो तेथे ही साक्ष कितीतरी ठाम असते. काही अर्भकांत यकृताच्या पेशींतून पित्ताम्ले बाहेर टाकणारा प्रथिनरूपी पंपच सदोष निपजतो. काही मुलांत तो मुळीच तयार होत नाही. काहींत तयार होतो, पण वेडावाकडा घडल्यामुळे पेशीच्या आतच अडकून पडतो. रक्तातील अमोनिया वाढणाऱ्या एका निराळ्याच आनुवंशिक विकारात फेनिलब्यूटिरेट हे औषध देतात. जपानी संशोधकांनी २००७ मध्ये प्रयोगशाळेत दाखविले की या औषधाने पंप अधिक प्रमाणात पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचतो. त्यानंतर विशिष्ट जनुकदोष असलेल्या थोड्या मुलांस त्याचा गुण आल्याचे वृत्तांत आले. मुले थोडी आहेत, तेव्हा फार बोलू नये. पण येथे जनुक केवळ औषध सुचवीत नाही. कोणत्या मुलास ते द्यावे आणि कोणास देण्यात अर्थ नाही, हेही सांगते.

आता पैशाचा प्रश्न. बेझाफायब्रेटवरील एकस्व केव्हाच संपले आहे. ते स्वस्त आहे, आणि स्वस्त आहे म्हणूनच त्याची महागडी चाचणी करण्यात कोणा मोठ्या कारखानदारास रस नव्हता. फ्रान्समधील चाचणी झाली ती तेथील सरकारच्या रुग्णालयीन संशोधन योजनेतून आणि एकस्वमुक्त औषधे बनविणाऱ्या एका कंपनीच्या साहाय्याने. उलटपक्षी, बेझाफायब्रेटच्याच नात्यातील एलाफिब्रानॉर आणि सेलाडेलपार ही दोन नवी औषधे २०२४ मध्ये अमेरिकेत संमत झाली. त्यांवर एकस्व आहे आणि त्यांची किंमत सामान्य रोग्याच्या आटोक्याबाहेर आहे. ती वाईट औषधे आहेत असे मला म्हणावयाचे नाही. त्यांच्या चाचण्या पद्धतशीर आणि चांगल्या झाल्या. परंतु जुन्या औषधाची नव्याशी समोरासमोर तुलना व्हावी असे ज्यांस वाटते, त्यांनी ती स्वतःच्या पैशाने करावी लागेल. भारतात ‘त्यांनी’ म्हणजे कोणी, हे उघड आहे. आपल्या २०२१ च्या दुर्मिळ रोग धोरणाखाली एका रोग्यास ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. ते योग्यच आहे. त्याच निधीचा एक अंश स्वस्त जुन्या औषधांच्या चाचण्यांसाठी राखून ठेवला, तर पुढील रोग्यांस तितक्या पैशाची गरजच कदाचित कमी पडेल.

आपल्याकडे सामग्रीची वाण नाही. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांस खुली झाली. ती फरिदाबाद येथील केंद्रात साठविली आहे. हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखविले की दक्षिण आशियातील ८१ समाजगट फार थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आहेत. आपसांतच विवाह होत राहिल्याने अशा गटांत एकजनुकी रोग एरवीपेक्षा अधिक आढळू शकतात. यकृताचे रोगही त्यांत आलेच. वर उल्लेखिलेल्या २०२१ च्या ताळ्यात मात्र भारतीय गट नव्हता, आणि इतरांच्या ताळ्यावर आपण किती विसंबावे हेही सांगता येत नाही. जपानी रोग्यांत २०१२ मध्ये सापडलेले एक ठळक स्थान युरोपीय रोग्यांत फिके पडते. आपल्या रोग्यांत कोणते ठळक आणि कोणते फिके, हे आपले रोगी मोजल्यावाचून कळणार नाही.

निरोगी लोकांचे जनुकसंच हा शब्दकोश झाला. रोग्यांची नोंदवही हा ग्रंथ होय. जपानने पित्तनलिकादाहाच्या रोग्यांची देशव्यापी पाहणी १९८० पासून चालू ठेवली, म्हणूनच बेझाफायब्रेट घेणाऱ्यांचे आयुष्य वाढते काय, हा प्रश्न तेथील संशोधकांस २०२१ मध्ये हजारो रोग्यांच्या नोंदींस विचारता आला, आणि त्या नोंदींनी अनुकूल उत्तर दिले. आपल्याकडे अशी वही काढावयाची तर रुग्णालयारुग्णालयांत, सर्व प्रांतांत, एकाच नमुन्यावर काढली पाहिजे.

त्या नमुन्यात काय काय असावे याविषयी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. पूर्वी आपल्या देशात लहान मुलांचे यकृत निकामी करणारा एक रोग होता. तो एकाच घरातील भावंडांस होई, म्हणून आनुवंशिक असावा असा तर्क होता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडमधील डॉ. टॅनर यांनी १९८० नंतरच्या दशकात या मुलांच्या घरांची चौकशी केली. मुलांना वरचे दूध लवकर सुरू झालेले होते, आणि ते तांब्या-पितळेच्या, कल्हई नसलेल्या भांड्यांत तापविले किंवा ठेवले जात होते. दुधात तांबे उतरत होते. पेनिसिलामाइन येथे पुन्हा कामी आले. रोग फार पुढे गेलेला नसेल अशी पुष्कळ मुले त्याने वाचली, आणि घराघरांतील भांडी बदलली तसा रोगही जवळजवळ नाहीसा झाला. भावंडांत जनुके समान असतात, तसे दुधाचे भांडेही समान असते. नोंदवहीत जनुकांसाठी रकाना असेल, तसाच रोग्याच्या घरची भांडी, पिण्याचे पाणी आणि व्यवसाय यांसाठीही एकेक रकाना असावा, आणि तो भरण्याचे काम पहिल्याच भेटीत व्हावे.